चार चाकांचं हरीण

हरीण अठरा मिलिमीटर प्लायवूडचं होतं. सात हिवाळ्यांत त्याला एकही बाण लागला नव्हता. तुकारामला चार लागले होते.

एवढं ऐकून कुणी म्हणेल की ही माणसं वेडी होती. तसं नव्हतं. शनिवार ते गुरुवार ती अगदी शहाण्यासारखी कामावर जात, पाइप जोडत, शटरिंग ठोकत, सुपरवायझरच्या शिव्या खात. फक्त शुक्रवारी, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ती झल्लाकच्या पुढे वाळवंटात तंबू ठोकून धनुष्यबाणानं हरणाची शिकार करत. बहरीनमध्ये हरणाच्या शिकारीला बंदी होती आणि मोकळं हरीण त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलंही नव्हतं. त्यामुळे हरीण घरून न्यावं लागे.

या सगळ्याच्या मुळाशी रावजी मेस्त्रीची एक थाप होती.

रावजी सत्त्याहत्तर साली कुडाळकडच्या गावातून शटरिंगचा सुतार म्हणून आला. जिदहफ्समधल्या एका खोलीत त्याला चौथी खाट मिळाली. तिसऱ्या खाटेवर तुकाराम होता, गडहिंग्लजकडचा प्लंबर, अंगानं आडवा आणि तोंडानं मोकळा. वरच्या मजल्यावर शरच्चंद्र नावाचा पुण्याचा डिप्लोमावाला इंजिनिअर एकटा राहायचा, पण जेवायला खाली यायचा. एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर घराण्यांचा विषय निघाला. तुकारामच्या चुलत्यानं कुस्तीत चांदीची गदा मारली होती. शरच्चंद्रचे आजोबा संस्थानात ओव्हरसियर होते. मग सगळे रावजीकडे बघायला लागले.

"आमच्या घराण्यात शिकारीचा मान," रावजी म्हणाला. "आजोबा धनुष्यानं सांबर पाडायचे. सुतारकी काय, पोटासाठी. रक्त शिकाऱ्याचं."

हे आपण का बोललो ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नसतं. गावात शिकारीचा मान होता खरा, पण तो गावकरांचा, म्हणजे गावच्या मानकरी घराण्याचा. रान काढायच्या दिवशी गावकर देवाला गाऱ्हाणं घालत, मोक्याच्या जागा धरून बसत आणि मेस्त्री मंडळी हाकाऱ्यांत डबे बडवत. शिकार पडली की वाटे व्हायचे. पहिला देवाचा, मग गावकरांचा, मग जागेवर बसलेल्यांचा, मग हाकाऱ्यांचा, मग कुत्र्यांचा. मेस्त्र्यांचं पान हाकाऱ्यांतही शेवटी असायचं. गणू मेस्त्री, म्हणजे रावजीचा आजोबा, आयुष्यभर मानेच्या हाडांचा रस्सा खाऊन मेला. धनुष्य त्यानं पाहिलं असलंच तर दशावतारात.

"मग दाखव की मारून," तुकाराम म्हणाला. "नुसतं तोंडानं सांबर पाडायला आमी बी तयार हाय."

रावजी गप्प बसला असता तर प्रकरण तिथंच खलास झालं असतं. पण त्याच आठवड्यात बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागं एक जुनं घर पाडायचं काम निघालं. तिथल्या छतात बांबू होते, पन्नास वर्षं सुकलेले, मधासारख्या रंगाचे. रावजीनं त्यातले दोन मागून घेतले. एकाला रंधा मारला, तासला, स्टोव्हवर शेकून वाकवला आणि मासेमारीच्या नायलॉनची दोरी चढवली. धनुष्य देखणं झालं. फक्त त्यातून सुटलेला बाण उजवीकडे जायचा. थोडा नव्हे, समोरच्याला वाटावं की हा दुसऱ्याच कुणाला मारतोय, इतका. शरच्चंद्रनं स्प्रिंग बॅलन्स लावून ताण मोजला, बावीस किलो भरला. त्यानं वहीत लिहिलं, 'धनुष्य क्र. १, ताण समाधानकारक, दिशा असमाधानकारक.'

हरीणही रावजीनंच केलं. पायांच्या गाठी, मानेचा बाक, कान, सगळं जिगसॉनं कापून पॉलिश पेपरनं घासलेलं. चाकं कुणीतरी टाकून दिलेल्या बाबागाडीची. रंग झल्लाकच्या एका हॉटेलाच्या दारांचा उरलेला, त्यामुळे हरीण जरा लालसर, मरून रंगाचं दिसायचं. ते नर की मादी यावर तीन शुक्रवार वाद झाला. शेवटी शरच्चंद्रनं निकाल दिला, की इथल्या हरणांत नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, तेव्हा शिंगं लावा आणि विषय मिटवा.

हाक्याची पद्धत अशी. तुकारामनं वीस फुटी दोरीनं हरीण ओढत टेकाडाच्या कडेनं पळायचं. खोलीतल्या दोघांनी मागून डबे बडवत ओरडायचं. रावजीनं आणि, दुसऱ्या बांबूचं धनुष्य घेऊन, शरच्चंद्रनं जागा धरून बाण मारायचे. पुढचं डावं चाक करकरायचं, त्यामुळे हरीण दिसायच्या आधी अर्धा मिनिट ऐकू यायचं. तरीही लागायचं नाही. बाणांच्या टोकाला शरच्चंद्रनं सुरक्षेसाठी खुर्चीच्या पायांचे रबरी बूट घातले होते. तुकारामला पहिला बाण लागला तो त्याच्या थर्मासला. दुसऱ्या वर्षापासून तो पाठीला प्लायवूडची एक फळी बांधून पळू लागला. त्या फळीलाच पुढं तीन लागले.

"दोरी लांब करा की गा!" तो दर शुक्रवारी म्हणायचा.

"लांब केली की हरीण वळणावर उलटतं," शरच्चंद्र म्हणायचा. "मी ट्रायल घेतलीय."

"मग मी उलटलो तर चालतंय व्हय?"

पण सगळ्यात महत्त्वाचं होतं गाऱ्हाणं. पहिल्या शुक्रवारी रावजी तंबूसमोर हात जोडून उभा राहिला आणि अडला. गावात गावच्या राखणदाराला हाक मारायची असते. झल्लाकच्या वाळवंटाचा राखणदार कोण? नाव माहीत नसताना रावजीनं समोर बघत नुसतंच "जागेच्या धन्या, राखणदारा" म्हटलं. समोर अर्ध्या मैलावर एक पंपघर होतं. नेमका त्याच वेळी तिथला चौकीदार कमाल, एक म्हातारा बलुची, बाहेर आला. आपल्या दिशेला तोंड करून पाच माणसं हात जोडून उभी आहेत हे पाहून त्यानं हात वर केला आणि चालत चालत इकडे आला.

आता आलेल्या राखणदाराला परत कसं पाठवणार? तेव्हापासून जिदहफ्सच्या खाटकाकडून आणलेल्या दोन किलो मटणातली कलेजी पहिला वाटा म्हणून कमालला जाऊ लागली. तो स्वतःची ताटली घेऊन यायचा. दुसरा वाटा मानकऱ्याचा, म्हणजे रावजीचा. कुत्रा नव्हता, म्हणून कुत्र्याचा वाटा तुकारामला, कारण पळण्याचं काम त्याचं. तुकारामची त्याला काही हरकत नव्हती, त्या वाट्यात नळी असायची.

रावजी मांडीवर पान घेऊन, इतरांच्या आधी, पहिला घास घ्यायचा. दर शुक्रवारी. सात हिवाळे.

आणि घरी बायकोला पत्र लिहायचा. 'प्रिय रत्नाबाईस. आज झल्लाकच्या रानात हरणाच्या मागे गेलो होतो. थोडक्यात सुटलं.' त्यातला एकेक शब्द खरा होता. पत्र गावात मास्तर वाचून दाखवायचे, तेव्हा रत्नाबाईसोबत ओटीवर बसलेले आणखी चौघं ऐकायचे. रत्नाबाईचं उत्तर यायचं, 'बहरीनची हरणं भारी चपळ दिसतात. जपून.' मग एका पत्रात आलं, 'गावकरांच्या घरी हळदीकुंकवाला मला पुढच्या रांगेत बसवलं. तुमच्या शिकारीचं सगळ्या विचारत होत्या.' ते पत्र रावजीनं पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत गावाहून पार्सल आलं. ते घेऊन आला होता पांडुरंग गावकर.

बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत ड्रायव्हर लोकांच्या खोलीवर रावजी पार्सल घ्यायला गेला. पांडुरंग तिशीचा, सहा फुटी, नीट कातरलेल्या मिशीचा. त्यानं आमसुलं दिली, कुळथाचं पीठ दिलं आणि शेवटी फडक्यात बांधलेला एक डबा काढला.

"ह्यो हरणाचो मसालो," तो म्हणाला. "वयनीन मुद्दाम भाजून वाटून दिल्यान. म्हणाली, आता गावकर इले म्हणजे हरण सुटाचा नाय."

रावजीनं डबा घेतला. तो अजून ऊबदार आहे असं त्याला उगाच वाटलं.

"शुक्रवारी जावया मा?" पांडुरंग म्हणाला. "गावात सगळे इचारतत. माका सांगितल्यानी, तू बघून ये नि पत्र घाल."

"ह्या शुक्रवारी वारो आसा," रावजी म्हणाला.

"मगे पुढच्या?"

"पुढच्या शुक्रवारीय आसा."

पांडुरंगनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रावजी डबा छातीशी धरून बसस्टॉपपर्यंत चालत आला. इथं खोलीत तो शिकाऱ्याच्या घराण्यातला होता. तिथं गावात तो हरणांमागे धावणारा शिकारी होता. इथल्यांना गाव माहीत नव्हतं आणि गावाला इथलं माहीत नव्हतं, मधे अख्खा समुद्र होता. आता तो समुद्र ओलांडून एक माणूस आला होता, तोही गावकर, आणि त्याला दोन्हीकडचं दिसणार होतं. पांडुरंग तोंड उघडेल त्या दिवशी इथं पान शेवटाला जाईल आणि तिथं रत्नाबाई मागच्या रांगेत.

मंगळवारी संध्याकाळी तुकाराम उड्या मारत आला.

"मेस्त्री! बाब अल बहरीनला तुमच्या गावचा गावकर भेटला की! पाइपा आणायला गेलतो, त्येच्याच गाडीतनं आलो. म्हटलं, शुक्रवारी यायलाच पायजे. तुमचा भाऊबंदच म्हणायचा!"

"तो काय म्हणाला?" रावजीनं विचारलं.

"हसला. येतो म्हणाला."

बुधवारी रावजीनं हरणाचं पुढचं डावं चाक काढून खाटेखाली पेटीत लपवलं. गुरुवारी सकाळी शरच्चंद्रनं हार्डवेअरच्या दुकानातून ट्रॉलीचं नवं चाक आणून बसवलं, आणि ते जुन्यापेक्षा चांगलं फिरत होतं. गुरुवारी दुपारी रावजीला ताप आला. तुकारामनं कपाळाला हात लावला.

"ताप न्हाई. थंडगार हाईस."

"आतून आहे."

"आतला ताप वाळवंटात उतरतोय," तुकाराम म्हणाला आणि त्याच्या बॅगेत स्वेटर कोंबला.

शुक्रवारी सकाळी पिकअप झल्लाकच्या पुढे टेकाडाखाली थांबली. मागच्या फळीवर हरीण दोऱ्यांनी बांधलेलं, तोंड रस्त्याकडे करून. पांडुरंग इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पायात बूट, शिकारीसाठी नवे घेतलेले. दोघांनी हरीण उतरवलं, चाकांवर उभं केलं आणि तुकारामनं अभिमानानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

पांडुरंग हरणाकडे बघत उभा राहिला. मग एक फेरी मारली. खाली बसून चाक फिरवून पाहिलं. रावजी तंबूची खुंटी ठोकत होता, एकच खुंटी, ती कधीच वाळूत गेली होती आणि तो वाळूच ठोकत होता.

"ह्या हरण?" पांडुरंगनं हळूच विचारलं.

"ह्याच," रावजी म्हणाला. खाली मान घालून.

"थोडक्यात सुटता ता?"

"होय."

पांडुरंगनं पुन्हा हरणाकडे पाहिलं. "फार चपळ आसा," तो म्हणाला. हसला की नाही ते रावजीला कळलं नाही, कारण वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

मग सगळे रांगेत उभे राहिले. पंपघराच्या दारात कमाल ताटली घेऊन तयार होता. गाऱ्हाण्याची वेळ झाली आणि सगळे रावजीकडे बघू लागले. रावजीनं हात जोडले, तोंड उघडलं आणि त्याला शेजारी सहा फुटी खराखुरा गावकर दिसला. सात हिवाळे तोंडपाठ असलेले शब्द जिभेवरून उतरून कुठंतरी गेले.

"आज गावकर आहेत," तो म्हणाला. "मान त्यांचा."

"व्वा!" तुकाराम म्हणाला. "घरच्या माणसाला मान देतोय. ह्याला म्हणायचं घराणं."

पांडुरंग एक पाऊल पुढं आला. हात जोडले. छाती भरून श्वास घेतला.

"बा..." तो म्हणाला.

सगळे थांबले. वारा तंबूच्या कापडाशी खेळत होता.

"बा..." पांडुरंग पुन्हा म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रावजी त्याच्या बरोबर मागं उभा होता, त्याला त्या दिसत होत्या. आणि अचानक रावजीला कळलं, की या माणसाला गाऱ्हाणं येत नाही. गावात मान थोरल्या काकाचा, मग त्याच्या मुलाचा. या धाकट्या शाखेतल्या पांडुरंगला कुणी कधी पुढं उभंच केलं नसणार.

"बा देवा महाराजा," रावजी ओठ न हलवता मागून कुजबुजला.

"बा देवा महाराजा!" पांडुरंग गरजला.

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या जागेच्या धन्या, राखणदारा."

"ह्या जागेच्या धन्या, राखणदारा!"

"व्हय महाराजा!" पंपघराकडून कमालनं हात वर केला.

"ही तुझी लेकरां आज तुझ्या रानात इली असत."

असं शेवटपर्यंत गेलं. काय वाकडं असेल ते सरळ कर, असं पांडुरंग मोठ्यानं म्हणाला तेव्हा शरच्चंद्रनं धनुष्य क्रमांक एककडे पाहिलं. गाऱ्हाणं संपल्यावर पांडुरंगनं रुमालानं मान पुसली. मागं वळला नाही.

मान दिला म्हटल्यावर पहिली जागाही त्याचीच. रावजीनं आपलं धनुष्य त्याच्या हातात दिलं. मग आपण कुठं? सात वर्षांत पहिल्यांदा रावजीनं एक रिकामा तुपाचा डबा आणि काठी उचलली आणि हाकाऱ्यांच्या बाजूला गेला. तिथं जाताना त्याला वाटलं होतं की पाय जड होतील. झालं उलटंच. काठी हातात बसली. मनगटाला ठेका ठाऊक होता.

तुकारामनं पाठीला फळी बांधली, दोरी कमरेला गुंडाळली आणि पळायला लागला. नव्या चाकामुळे हरीण करकरत नव्हतं. आणि रावजीनं आरोळी दिली.

ती आरोळी त्या वाळवंटानं कधी ऐकली नसेल. पोटातून निघून टाळूला आपटून बाहेर पडणारी, तीन टप्प्यांची, शेवटी चिरफाळणारी. गणू मेस्त्री तशी द्यायचा. डुक्कर असो, सांबर असो, ती ऐकून जाळीत बसून राहणं कुठल्याच जनावराला जमायचं नाही, असं गावात म्हणत. त्या आरोळीखाली डबा वाजत होता, दोनास तीनच्या ठेक्यात. बाकीचे दोघं हाकारे आपले डबे थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. पुढं तुकारामनं एकदा मागं वळून पाहिलं, त्याचं तोंड पांढरं पडलं, आणि गेल्या सात वर्षांत पळाला नव्हता असा तो पळाला.

"आलंऽऽ! कायतरी आलंऽऽ!" तो ओरडत होता.

आणि खरंच आलं. टेकाडाच्या पलीकडच्या खळग्यातून एक हरीण उठलं. खरं. पांढऱ्या पोटाचं, काळ्या डोळ्यांचं, सडपातळ. दोन उड्यांत ते टेकाडावर, तिसरीत खाली.

तुकाराम पालथा पडला. दोरीला बांधलेलं प्लायवूडचं हरीण त्याच्या मागून घरंगळत येऊन त्याच्या टाचांशी थांबलं. खरं हरीण त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं.

कुणीही हललं नाही. शरच्चंद्रच्या धनुष्याला बाण लावलेला नव्हता, तो वहीत वाऱ्याचा वेग लिहीत होता. पांडुरंगच्या जागेवर फक्त धनुष्य पडलं होतं. पांडुरंग पिकअपच्या टपावर होता. सहा फुटी माणूस तिथं इतक्या चटकन कसा पोचला हे कुणालाच दिसलं नाही.

हरणानं प्लायवूडच्या हरणाचं नाक हुंगलं. मग बाजूनं जाऊन शेपटी हुंगली, ती रंगाच्या जुन्या ब्रशची होती. उत्तर आलं नाही. मग नीट वास घेता यावा म्हणून त्यानं पुढचा एक पाय तुकारामच्या पाठीवरच्या फळीवर ठेवला. तुकारामनं वाळूत तोंड खुपसून रामनाम सुरू केलं. शरच्चंद्रच्या वहीत नोंद आहे, चार मिनिटं. त्यानंतर हरीण दक्षिणेकडे निघून गेलं. जाताना दोनदा थांबून त्यानं मागं पाहिलं, चला येताय का असं विचारावं तसं.

कमाल ताटली टाकून, तिथल्या हरणाचं नाव घेत धावत आला होता.

"रीम! रीम है! मारना मत, मना है!"

"कमालभाई, हमने सात साल में कुछ नहीं मारा," शरच्चंद्र म्हणाला.

"हाँ, वो तो मालूम है," कमाल म्हणाला आणि दम खायला वाळूत बसला.

टपावरून पांडुरंगचा आवाज आला. "शिडी आसा काय?"

सगळ्यांनी मिळून त्याला उतरवलं. खाली आल्यावर तो बराच वेळ बूट झाडत राहिला. मग एकट्या रावजीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पंधरा वर्षांचो आसताना माका एकदाच जागेर बसयल्यानी. डुक्कर इलो. मी फणसार. सांजेक तुझो आजो शिडी घेऊन इलो. म्हणालो, झिला माझ्या, ही शिडी मी दुरुस्त करूक हाडलंय, तुका उतरवूक नाय. आनि कोणाक म्हणान सांगूक नाय."

रावजीला हे माहीत नव्हतं. आजोबानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मटण शिजलं. रत्नाबाईचा मसाला त्यात पडला तेव्हा झल्लाकच्या त्या टेकाडाखाली कुडाळच्या एका चुलीचा वास सुटला. पानं मांडली. पहिला वाटा कमालचा, कलेजी. दुसरा मानाचा. पळी पांडुरंगच्या हातात दिली होती, कारण वाटे गावकरानं करायचे. त्यानं मांडीचा मोठा तुकडा उचलला आणि थांबला. रावजीनं आपलं पान उचलून शेवटाला, तुकारामच्याही पलीकडे नेऊन ठेवलं होतं. त्याला वाटलं, आपण होऊन गेलेलं बरं.

"शिकार पडली नाय," पांडुरंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. बोलता बोलता तो इतरांसाठी पुस्तकी मराठीवर आला. "पण जनावर उठलं. आमच्या गावचा कायदा असा आहे, की पडली नाही तर ज्यानं जनावर उठवलं त्याचा मान. हा वाटा गणू मेस्त्रीच्या नातवाचा. त्याच्या आजोबासारखा हाकारा पंचक्रोशीत नव्हता."

असा कायदा गावात नव्हता. रावजीला ते पक्कं ठाऊक होतं. पण पळी त्याच्या पानावर येऊन थांबली होती.

"हाकारा?" तुकाराम म्हणाला. "आजा हाकारा? मग सांबर?"

रावजी पानाकडे बघत राहिला. "आजोबा सुतार होते," तो म्हणाला. "पणजोबाही. धनुष्य आमच्या घरात कधीच नव्हतं. ते मी छताच्या बांबूचं केलं, तेच पहिलं."

तुकारामनं घास तोंडाजवळ धरून ठेवला होता. सात वर्षं पाठीवर फळी बांधून पळालेल्या माणसाचा तो चेहरा होता, आणि रावजी त्याच्याकडे बघत नव्हता.

"तरीच!" तुकाराम शेवटी म्हणाला.

"काय तरीच?"

"अरं तरीच हरणाचं पाय असं झाल्यात! मी म्हणतोय, शिकाऱ्याच्या हाताला अशी गुडघ्याची गाठ येतीय कशी. ख्वाट्या हरणाला खरं हरीण भुललं मर्दा! आमच्या चुलत्याची गदा बी चांदीची न्हवती, मुलामा होता." त्यानं घास तोंडात टाकला. "आता येक सांग. नेम लागत न्हवता का मारायचाच न्हवता?"

"सुरुवातीला लागत नव्हता," रावजी म्हणाला.

"आणि मग?"

"मग मानेला तिसऱ्यांदा पॉलिश मारलं, त्यानंतर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

शरच्चंद्रनं वही काढली आणि सात वर्षांच्या दिशेच्या सगळ्या आकड्यांवर एक तिरकी रेघ मारली. "डेटा बाद," तो म्हणाला, जरा दुःखानं. मग कमालनं विचारलं की आज मटण इतकं चांगलं कसं झालं, आणि पुन्हा मागितलं.

त्या संध्याकाळी पांडुरंगनं गावाला पत्र लिहिलं. आधी वाचून दाखवलं. 'रावजीसोबत झल्लाकच्या रानात गेलो. रावजीनं हरीण उठवलं. अगदी जवळ आलं होतं. मारलं नाही, कारण इथं बंदी आहे. वयनीचा मसाला संपला. सगळ्यांनी बोटं चाटली.' रावजीनं दोनदा ऐकलं. खोटं कुठंच नव्हतं, फक्त टपाचा उल्लेख नव्हता.

"ता लिव्हू?" पांडुरंगनं विचारलं.

"नको," रावजी म्हणाला. "शिडी दुरुस्तीकच हाडली हुती."

त्यापुढच्या हिवाळ्यांत पांडुरंग पुढं उभा राहून गाऱ्हाणं घालायचा आणि रावजी मागून एकेक ओळ पुरवायचा. मग रावजी डबा घेऊन हाक्याला जायचा. पानाची जागा दर शुक्रवारी बदलायची, कारण कोण पहिला बसला याकडे कुणी बघेनासं झालं. पण खरं हरीण पुन्हा कधी आलं नाही. कमाल म्हणायचा, आलं होतं, बुधवारी, एकटंच, टेकाडावर उभं राहून वाट बघत होतं. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे, तरी शरच्चंद्रनं ते वहीत लिहून ठेवलं.

सत्त्याऐंशीत रावजीचा व्हिसा संपला. प्लायवूडचं हरीण त्यानं कमालच्या शेळ्यांच्या गोठ्यात ठेवलं. फक्त त्याचं एक शिंग काढून, लुंगीत गुंडाळून बॅगेत घेतलं.

घरी पोचल्यावर पहिल्याच सकाळी रत्नाबाईनं विचारलं, "इतक्या वर्सांत एक तरी शिंग हाडलास?"

रावजीनं लुंगी सोडली. शिंग तिच्या हातात दिलं. सांगायचं होतं ते त्यानं कितीदा मनातल्या मनात तयार करून ठेवलं होतं, पण ती सुताराची सून होती. तिनं शिंग उलटं केलं, कापलेल्या कडेवरचे थर पाहिले, नखानं टोचून बघितलं, नाकाशी नेलं.

"प्लाय," ती म्हणाली.

"होय."

"अठरा एमेम?"

"होय."

मग तिनं हळदीकुंकवाच्या करंड्याची पिशवी त्या शिंगाला अडकवून बघितली. शिंगानं वजन पेललं.

"पॉलिश बरा केलास," ती म्हणाली, आणि त्याला खिळा आणायला पाठवलं.